अर्धेच कोर दिसून राहिले? मग आधी सॉकेट मोजा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मामेभावाचा नागपुरातल्या मानेवाड्याहून फोन. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो तो, आणि कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं जुनं वर्कस्टेशन त्याने उचललं होतं, दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनवाले) प्रोसेसरवालं, भाव ऐकून मलाही जराशी जळजळ झाली खरं सांगतो. तर भाऊ रडकुंडीला आलेला, "दादा, सोळा कोरचं म्हणून घेतलं ना बाप्पा, आन् आठच दिसून राहिले. एक प्रोसेसर जळालेला तर नसेल?" कोर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग.

मी म्हटलं दुकानदाराला शिव्या देण्याआधी विंडोज कोणती टाकली ते पाह्य. तर होम, म्हणजे घरगुती आवृत्ती. मशीनमध्ये काही खराबी नव्हती, दुसरा प्रोसेसर ठणठणीत होता, फक्त विंडोज होम त्याला कामाला लावतच नव्हती. आणि मजा म्हणजे हाच पोरगा आधीच्या पीसीवर, ज्यात एकच सहा कोरचा प्रोसेसर होता, तिथं हीच होम वापरत होता आणि सहाच्या सहा कोर मस्त चालत होते. त्यामुळं त्याच्या डोक्यात गोंधळ, की सहा चालतात तर सोळा काहून नाही.

गोंधळ होतो कारण आपण सगळे सरसकट कोर मोजतो. विंडोज कोर नाही मोजत, सॉकेट मोजते. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरचा तो चौकोनी खाचा ज्यात प्रोसेसर बसतो, आणि त्या खाच्यात बसणारी एक चिप म्हणजे एक प्रोसेसर, मग तिच्या पोटात दोन कोर असू दे की चोवीस.

तर्रीपोह्याच्या ठेल्यावर चला, लवकर कळेल. एक ठेला, त्यावर चार पोरं, एक पोहे काढतो, एक तर्री ओततो, एक कांदा-चिवडा टाकतो, एक पैसे घेतो. तर्रीचा गंज, म्हणजे पातेलं, एकच, हात लांबवला की मिळाला. हे झालं मल्टी-कोर. आता धंदा वाढला म्हणून रस्त्याच्या पलीकडे दुसरा ठेला टाकला, त्यावर वेगळी चार पोरं, वेगळा गंज. हे झालं मल्टी-प्रोसेसर. पोरं दोन्ही हिशोबात आठच, पण इकडची तर्री संपली तर पोराला रस्ता ओलांडून पलीकडून आणावी लागते, तेवढा वेळ जातोच. आणि परवाना मागणारा माणूस आला तर तो ठेले मोजेल, ठेल्यावर किती पोरं उभी आहेत ते नाही मोजणार. विंडोजचं तेच आहे.

हा नियम काही आजचा नाही. २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ असे दोन कोरवाले प्रोसेसर साध्या घरगुती पीसीत यायला लागले, त्याच्या आधीच, म्हणजे ऑक्टोबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर करून टाकलं होतं की लायसन्स प्रोसेसरमागे धरू, कोरमागे नाही. म्हणून एक्सपी होम, जिला एकच प्रोसेसर चालायचा, ती २००७ च्या कोअर २ क्वाड क्यू६६०० वर चारही कोर बिनबोभाट वापरायची. आणि गंमत बघा, त्या क्यू६६०० च्या झाकणाखाली प्रत्यक्षात दोन-दोन कोरचे दोन वेगळे तुकडे बसवलेले होते, तरी सॉकेट एक म्हणून प्रोसेसर एकच. आजच्या एएमडीच्या मोठ्या चिपांचंही तसंच, आत कितीही तुकडे असोत, खाचा एक तर प्रोसेसर एक.

तर पहिलं काम, आपल्या मशीनमध्ये नक्की काय आहे ते बघणं. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक करा. खाली उजवीकडे बारीक अक्षरात तीन ओळी असतात, सॉकेट्स, कोर्स, लॉजिकल प्रोसेसर्स. लोक वरचा ग्राफ पाहत बसतात, या तीन ओळी कोणी वाचत नाही. भावाकडे होत्या अशा: सॉकेट्स १, कोर्स ८, लॉजिकल प्रोसेसर्स १६. आणि त्याने "सोळा" तिसऱ्या ओळीत पाहून आधी दोन दिवस खुशीत काढले होते! लॉजिकल म्हणजे हायपर-थ्रेडिंगचा हिशोब, एक कोर दोन कामं एकाच वेळी हाताळतो म्हणून विंडोजला तो दोन दिसतो, खरे कोर मधल्या ओळीत असतात. त्याचे प्रोसेसर होते झिऑन ई५-२६७०, प्रत्येकी ८ कोर १६ थ्रेड (थ्रेड म्हणजे तेच लॉजिकल), म्हणजे दोन्ही चालू असते तर ओळी २, १६, ३२ अशा यायला पाहिजे होत्या.

पहिल्या ओळीत १ आहे आणि डबा (कॅबिनेट) उघडल्यावर दोन हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारे धातूचे ठोकळे, दिसतात, तर मग दोन शक्यता. एक, विंडोजची आवृत्ती आडवी येते. दोन, बायोसलाच, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामलाच, दुसरा प्रोसेसर दिसत नाही. म्हणून रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, तिथं सिस्टिम इन्फर्मेशनसारख्या पानावर सीपीयू ० आणि सीपीयू १, किंवा १ आणि २, असं दोन्हीचं नाव दिसलं पाहिजे. बायोसमध्ये दोन दिसतात आणि विंडोजमध्ये एक, तर दोष विंडोजच्या आवृत्तीचा. बायोसमध्येच एक दिसतो, तर मग हार्डवेअर, आणि त्यात सगळ्यात आधी पॉवर बघा, कारण असेंबल केलेल्या दोन सॉकेटच्या बोर्डाला बहुतेक वेळा प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी आठ पिनची वायर लावावी लागते आणि एक लावून दुसरी विसरणारे मी पाहिले आहेत (एकदा मीच होतो).

आता कोणत्या विंडोजला किती सॉकेट चालतात ते. होमला एक. प्रोला दोन. प्रो फॉर वर्कस्टेशन्स नावाची एक आवृत्ती आहे तिला चार. बस, डेस्कटॉपवाल्याला एवढं पुरे. विंडोज ७ मध्येही हाच हिशोब होता, होमवाल्यांना एक आणि प्रोफेशनल, अल्टिमेटला दोन. विंडोज २००० मध्ये मात्र वेगळीच भानगड होती, तिला हायपर-थ्रेडिंग समजायचंच नाही, थ्रेडलाही ती पूर्ण प्रोसेसर धरायची, एक्सपीपासून ते सुधारलं. आणि ९८ किंवा मिलेनियम असेल कुणाकडे तर त्यांना दुसरा कोर काय अन् दुसरा प्रोसेसर काय, काहीच कळत नाही, एकावरच चालतात.

भावाचा इलाज सोपा होता. होमची प्रो करायला फॉरमॅट मारायची गरज नसते, हे दहापैकी आठ जणांना माहीतच नसतं आणि गल्लीतला टेक्निशियन सांगतही नाही कारण फॉरमॅटचे पैसे मिळतात. सेटिंग्ज उघडा, विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी आणि ११ मध्ये सिस्टिम, तिथं अ‍ॅक्टिव्हेशन, मग प्रॉडक्ट की बदलायचा पर्याय, प्रोची की टाका, तो थोडा वेळ फिरेल, रीस्टार्ट घेईल, फाइली सॉफ्टवेअर सगळं जागच्या जागी राहतं. रीस्टार्टनंतर पहिल्या ओळीत २ आलं. पोरगा म्हणे "दादा, ग्राफचे डबे मोजून राहिलो मी, बत्तीस हाय!" की मात्र नीट बिलावर घ्या, दोनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीवर माझा भरोसा नाही, आज चालते, सहा महिन्यांनी कोपऱ्यात अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून पाटी येते.

एक गोष्ट त्याला सांगितली ती तुम्हालाही सांगतो. ई५-२६७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, इंटेलमध्ये ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे असं मशीन घ्यायचं तर सिक्युरिटी अपडेटचा विचार आधी करायचा, नाहीतर लिनक्स. विंडोज ११ ची कोरबद्दलची अट बघाल तर हसू येईल, किमान दोन कोर, बस. सोळा कोरच्या मशीनला ती नाही म्हणते आणि दोन कोरच्या नव्या स्वस्त लॅपटॉपला हो म्हणते, म्हणजे अडचण कोरांच्या संख्येची नाहीच, प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) आहे का, याची आहे.

प्रो टाकूनही त्याच्या व्हिडिओ एक्सपोर्टचा वेग पाहिजे तेवढा वाढला नाही. तेव्हा डबा उघडला, तर रॅमच्या चारही पट्ट्या एकाच प्रोसेसरच्या बाजूला. दोन सॉकेटच्या बोर्डात रॅमचे स्लॉट वाटलेले असतात, अर्धे एका प्रोसेसरचे, अर्धे दुसऱ्याचे, त्यालाच न्यूमा म्हणतात. इथं तो तर्रीचा गंज आठवा. दुसऱ्या ठेल्यावर गंजच नव्हता! आठ कोर प्रत्येक वेळी क्यूपीआय नावाच्या रस्त्याने पलीकडे जाऊन डेटा आणत होते. या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे प्रत्येकी चार रस्ते, म्हणजे चॅनल, असतात, म्हणजे उत्तम तर इकडे चार आणि तिकडे चार पट्ट्या, तेवढ्या नसतील तर निदान दोन-दोन वाटा, आणि कोणत्या स्लॉटपासून सुरुवात करायची ते झाकणाच्या आतल्या चित्रात असतं, अंदाजाने लावू नका. उलटही लक्षात ठेवा, दुसरा सॉकेट रिकामा असेल तर त्याच्या बाजूचे रॅम स्लॉट आणि त्याला जोडलेले कार्डाचे स्लॉट मेलेलेच असतात, ग्राफिक्स कार्ड तिथं लावून "डिस्प्ले येत नाही" म्हणून बसू नका. एका प्रोसेसरच्या मल्टी-कोर मशीनमध्ये यातलं काहीच डोकं लावावं लागत नाही, सगळ्या कोरांची रॅम एकच, म्हणून माझं विचाराल तर साध्या माणसाने एक सॉकेट आणि जास्त कोर हेच घ्यावं. दोन सॉकेट हौशी लोकांसाठी नाहीतर सर्व्हरसाठी.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी (म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा संगणक चालवणाऱ्यांनी) इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण डबा एक सॉकेटचा असूनही हा घोळ तिथं हमखास भेटतो. लिनक्सवर व्हर्ट-मॅनेजरमध्ये विंडोज टाकली, तिला आठ सीपीयू दिले, आत जाऊन पाहिलं तर विंडोज प्रोमध्ये दोनच चालतात आणि मशीन कासवासारखं. कारण तो, विशेषतः जुन्या आवृत्तीत, आठ सीपीयू बरेचदा आठ वेगवेगळ्या सॉकेटमध्ये एकेक कोर अशा रचनेत देतो, विंडोजला वाटतं आठ प्रोसेसरचा राक्षस आहे, ती आपल्या नियमाप्रमाणे दोन वापरते आणि बाकीचे सोडून देते. अशावेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये आठही नावं दिसू शकतात, त्यामुळं माणूस अजून चक्रावतो, भरोसा टास्क मॅनेजरवर ठेवा. इलाज एवढाच, मशीन बंद करा, सीपीयूच्या सेटिंगमध्ये टोपोलॉजी, म्हणजे सॉकेट-कोरची रचना, हाताने भरायची खूण लावा, सॉकेट १, कोर ४, थ्रेड २ असं भरा, गुणाकार आठच येतो. प्रॉक्समॉक्समध्ये सॉकेट आणि कोर असे दोन सरळ रकाने आहेत, सॉकेटमध्ये १ ठेवा. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये प्रोसेसर किती आणि प्रत्येकात कोर किती असं वेगळं विचारतो, तिथंही तेच.

विंडोजला हे कळतं कसं, असा प्रश्न एकाने विचारला होता, चांगला प्रश्न आहे. बूट होताना बायोस एक यादी पुढे करतो, त्यात प्रत्येक थ्रेडला एक नंबर असतो, त्याला एपीआयसी आयडी म्हणतात. आणि प्रोसेसर स्वतः सांगतो की त्या नंबरातले शेवटचे किती बिट थ्रेडचे, त्याच्या आधीचे किती कोरचे, आणि उरलेले सॉकेटचे. फ्लॅटच्या नंबरासारखं, ३०२ म्हटलं की तिसरा मजला दुसरा फ्लॅट. व्हर्च्युअल मशीन हे नंबर आपल्या मनाने वाटतं, म्हणून तिथं खोटे सॉकेट तयार होतात.

अजून एक जागा जिथं कोर गायब होतात, आणि ती आपणच करून ठेवलेली असते. विंडोजचं एमएसकॉन्फिग (बूटच्या सेटिंगचा प्रोग्राम) उघडून बूटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "नंबर ऑफ प्रोसेसर्स" अशी खूण असते. पीसी फास्ट करा म्हणणारे व्हिडिओ सांगतात इथं सगळ्यात मोठा आकडा निवडा. अरे बाबांनो, ती खूण वेग वाढवायला नाहीच, ती विंडोजला मर्यादा घालायला आहे, टेस्टिंगसाठी. खूण नसते तेव्हा विंडोज सगळे वापरतेच. चुकून १ राहिलं तर आठ कोरचं मशीन एका कोरवर रांगतं. खूण काढा, रीस्टार्ट, विषय संपला.

कळमन्याकडे ओळखीतल्या एकाच्या धर्मकाट्यावर अजून एक्सपी चालते, काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे जातच नाही म्हणे. त्याचं जुनं एका कोरचं पेंटियम ४ काढून त्याच बोर्डावर कोअर २ ड्युओ बसवलं तर टास्क मॅनेजरमध्ये ग्राफ एकच. इथं कारण आणखी तिसरंच. एक्सपी इन्स्टॉल होताना किती प्रोसेसर आहेत ते बघून त्याप्रमाणे कर्नल (विंडोजचा गाभा) आणि हॅल नावाचा, हार्डवेअरशी बोलणारा थर टाकते, एकासाठी वेगळा, अनेकांसाठी वेगळा, आणि तिला दोन कोर किंवा दोन प्रोसेसर दोन्ही "अनेक"च. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम्प्युटर नावाच्या फांदीखाली "एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी" लिहिलेलं असेल तर त्याचा ड्रायव्हर अपडेट करून यादीतून "एसीपीआय मल्टीप्रोसेसर पीसी" निवडायचं आणि रीस्टार्ट. आधी डिस्कची पूर्ण कॉपी काढा, कारण यादीतलं चुकीचं नाव निवडलं तर मशीन बूट होत नाही. व्हिस्टापासून विंडोज हे स्वतःच बघून घेऊ लागली.

लिनक्सवाल्यांना यातलं जवळपास काहीच नाही. १९९६ च्या २.० कर्नलपासून एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालतात, होम-प्रो असला भेद नाही, दोन सॉकेट काय चार सॉकेट काय, सगळे कोर पहिल्या बूटला हजर. टर्मिनलमध्ये एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरं छोट्या लिपीत सलग टाईप करून एंटर मारा, थ्रेड प्रति कोर, कोर प्रति सॉकेट, सॉकेट किती आणि न्यूमा नोड (एक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची रॅम) किती, सगळं ओळीने येतं. रॅम कुठल्या बाजूला आहे ते बघायचं असेल तर न्यूमासीटीएल टाकून घ्या आणि हार्डवेअरचा पर्याय देऊन चालवा. भावाच्या मशीनवर पट्ट्या हलवायच्या आधी त्याने नोड १ चा साईझ शून्य दाखवला होता, त्यावरूनच तर मी डबा उघडायला लावला. शेवटी अंतराचा छोटा तक्ता येतो, स्वतःच्या रॅमला १० आणि समोरच्या रॅमला २० किंवा २१ असे आकडे असतात, रस्ता ओलांडायची किंमत म्हणा.

घ्यायला जाणार असाल तर सीताबर्डीत काउंटरवर "सोळा कोर" ऐकून मान हलवू नका, विचारा की सोळा एका चिपेत की आठ-आठच्या दोन. दोन म्हटलं तर प्रोची की बजेटमध्ये धरा. दुसरा सॉकेट रिकामा असलेला बोर्ड "नंतर वाढवू" म्हणून घेत असाल तर आत कोणता झिऑन आहे ते वाचा, ई५-१६०० मालिकेतला एकट्यानेच चालतो, त्याच्या जोडीला दुसरा लागतच नाही, जोडी लागते ती ई५-२६०० वाल्यांची, आणि तीही दोन्ही अगदी एकाच मॉडेलची. कोअर आय५, आय७ किंवा रायझनची जोडी लावता येते असं कोणी म्हटलं तर हसून बाहेर या.

आणि हे २६७० प्रत्येकी ११५ वॅटचे आहेत, मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर असतं तेव्हा दोन्ही पंखे जेटसारखे ओरडतात. भावाने उपाय म्हणून डबा कूलरच्या अगदी समोर ठेवला होता, वाळ्याची ओली हवा सरळ आत. तो तिथून आधी उचलायला लावला.

सोबत लिनक्सचा पेनड्राइव्ह न्या. दुकानातच त्यावरून बूट करून ती पाच अक्षरं मारायची, सॉकेटसमोर २ आणि दोन्ही नोडसमोर आपापले कोर दिसले की पैसे काढायचे. "बूट करून काय पाहता, गॅरंटी आहे ना" म्हणाला तर पुढच्या दुकानात.